जहाजाच्या पोटातली माझी सोळा माणसं

पाणी नामदेवच्या कानाला लागलं तरी तो हलला नाही. गालावर चढलं तरी हलला नाही. तो मढ्याचं काम करत होता, आणि कट म्हटल्याशिवाय मढ्यानं हलायचं नाही हे त्याला मीच शिकवलं होतं.

त्याच्या वरच्या अंगाला, तिरक्या झालेल्या फळ्यांवर, माझी बाकीची पंधरा माणसं दोन रांगा करून बसली होती. पायांत बेड्या, अंगावर चिंध्या, तोंडाला काजळी. सिनेमात जुन्या काळातलं पोर्तुगीज जहाज बुडत होतं आणि ही त्याच्या तळात कोंडून नेलेली माणसं होती. त्यांनी "वाचवा, दार उघडा" असं ओरडायचं ठरलं होतं. सुरुवातीला ती झकास ओरडली. मग एकेक जण गप्प होत गेला.

मी हौदाच्या काठावर कोरड्या चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होते. पाणी फेकणारे पाइप आणि लाटा उठवणारं यंत्र यांच्या आवाजात मला ओरडणं तसंही ऐकू येत नव्हतं. पण तोंडं दिसत होती, आणि ती मिटत चालली होती. माझी धाकटी जाऊ शेवंता नामदेवच्या पायाशी बसली होती. तिनं पदर दातात धरला. हे तिला कोणी करायला सांगितलं नव्हतं. ओढ्याला लोंढा आला आणि पलीकडे गेल्याशिवाय गत्यंतर नसलं, की आमच्याकडच्या बाया पदर दातात धरतात, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. तेव्हा त्या बोलत नाहीत. ओरडत तर मुळीच नाहीत.

"रेवती," मी शेजारच्या असिस्टंट मुलीला म्हणाले, "हे खरं चाललंय. थांबव."

"मावशी, साहेबांनी कट म्हटलं नाही अजून," ती म्हणाली.

हे कुठलं काम ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी माणसं पुरवते. सिनेमात बाजार दिसतो, लग्न दिसतं, राजाची मिरवणूक निघते. तुम्ही राजाकडे बघता. त्याच्या मागे जी माणसं असतात आणि तुमच्या लक्षात राहत नाहीत, ती माझी. आमच्या कर्जत-खालापूरकडे मोकळी जागा भरपूर आणि मुंबई जवळ, त्यामुळे इथे सेट उभे राहतात. प्लायवूडचा किल्ला उभा राहतो, तो मोडून त्याच लाकडाचं कोर्ट होतं, कोर्टाचं देऊळ होतं. मी चौथी शिकले. कशेळ्याच्या बाजारात भाकऱ्या विकायचे. एक दिवस सेटवरच्या माणसानं विचारलं, विहिरीवर पाणी भरायला दहा बाया मिळतील का? मी म्हटलं, बाया पाणी भरतातच, तुम्हाला कॅमेरा आणायला काय हरकत आहे. तिथून हा धंदा सुरू झाला.

धंद्यात अडचणी पैशाच्या नसतात, माणसांच्या असतात. एकाला विधवा हव्या होत्या. सवाशिणी कुंकू पुसायला तयार होईनात, आणि त्यांचं बरोबर होतं. मी खऱ्या विधवा नेल्या आणि पहिल्या रांगेत मीच उभी राहिले, माझं कपाळ मोकळंच होतं. तो साहेब म्हणाला, "यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही." मी म्हटलं, "आमचे नवरे तुम्ही बघितले नव्हते." दुसऱ्या एकाला गरीब दिसणारी माणसं हवी होती. शूटिंगला जायचं म्हणून बायांनी ठेवणीतली लुगडी काढली आणि त्यानं अख्खा टेंपो परत पाठवला. तेव्हापासून मी टेंपोत बसायच्या आधीच प्रत्येकीला बघते.

पण खरी अद्दल घडली ती राज्याभिषेकाच्या वेळी. सिंहासनासमोर चाळीस सरदार उभे, कॅमेरा चालू, पुरोहितबुवा मंत्र म्हणताहेत, आणि कशेळ्याच्या एका सरदाराला लांबून शेवटची एसटी दिसली. तो तलवार वर करून "थांबव रं, थांबव" करत महाराजांच्या पुढून पळाला. त्यानंतर बरेच दिवस मला कोणी बोलावलं नाही.

मग मी कडक झाले. कॅमेऱ्यात बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही, आणि कट म्हटल्याशिवाय हलायचं नाही. अंगावर मुंगळा चढला तरी नाही. एकदा प्रेतयात्रेच्या शॉटमध्ये शेवंताच्या ओठाला मधमाशी चावली. ओठ भज्यासारखा सुजला, पण ती कट होईपर्यंत तशीच उभी राहिली. साहेबानं टाळ्या वाजवल्या. शेवंता घरी येऊन मला म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या धंद्यापायी माझं थोबाड गेलं." पण तिलाही त्याचा अभिमान होता. आमची माणसं दगडासारखी उभी राहतात असा बोलबाला झाला, आणि त्यावरच माझं काम चाललं.

आता नामदेव. पोशीरचा शेतकरी, भाताची शेती, मुलगा कंपनीत. हाडकुळा, गालफडं बसलेली, डोळे मिटले की सहज मेलेला वाटायचा. मढ्याचं काम करायला आमच्याकडे कोणी तयार नसतं, अपशकुन मानतात. नामदेव म्हणायचा, "वयनी, मरायचं तर हायेच, जरा सराव झालेला बरा." तो छाती न हलवता श्वास घ्यायचा आणि नदीत बुड्या मारून मोठा झाल्यामुळे श्वास धरायचाही फार वेळ. मेलेला म्हणून त्याला खांद्यावर नेलंय, चितेवर ठेवलंय, घोड्याच्या टापांखाली टाकलंय. त्याची बायको अंजनी मात्र त्याला तसा घरात घेत नसे. मसणातून आल्यावर करतात तसं, दाराबाहेर त्याच्या पायावर तांब्याभर पाणी ओतायची आणि कडुलिंबाचा पाला चावायला द्यायची. मगच उंबरा.

मढ्याची एक अडचण असते. त्याचे डोळे मिटलेले असतात, कधी तोंडावर कापड असतं, कधी रडणाऱ्या बायांच्या आवाजात त्याला कट ऐकू येत नाही. एकदा सगळे जेवायला निघून गेले तरी नामदेव उन्हात मेलेलाच पडून होता. तेव्हा मी रीत घालून दिली. मढ्याच्या पायाशी जो असेल त्यानं कट झालं की त्याचा अंगठा दाबायचा. अंगठा दाबल्याशिवाय नामदेव उठायचा नाही, मग कोणी कितीही हाका मारो. बहुतेक वेळा हे काम शेवंताकडे असायचं. ती जरा जास्तच जोरात दाबायची.

तर जहाजाचा सिनेमा. खालापूरच्या बाजूला, हायवेपासून आत, त्यांनी मोठा हौद खणला होता आणि त्यात जहाजाच्या तळाचा खोका उभा केला होता. कॅमेऱ्याकडची बाजू उघडी, बाकी तिन्ही बाजूंना फळ्या. खोका लोखंडी चौकटीवर, आणि चौकट चार कोपऱ्यांना चार साखळ्यांवर टांगलेली. साखळ्या सोडल्या की खोका एका अंगाला कलणार, त्या अंगानं पाणी आत येणार, गुडघाभर झालं की साखळ्या थांबणार, साहेब कट म्हणणार. खालच्या अंगाला रिकामी लाकडी पिंपं रचलेली, आणि त्यांच्यापुढे नामदेव मेलेला. त्याच्या डोक्याखाली गोणपाट ठेवलं होतं, म्हणजे पाणी आलं तरी तोंड वर राहील. कोरड्यात दोनदा तालीम झाली. खालून तिसऱ्या फळीवर पाणी थांबणार, असं आम्हाला दाखवलं.

बेड्या रबराच्या होत्या. वरून लोखंडी रंग, मागे चिकटपट्टी. रांगत्या पोरानंही ओढून काढल्या असत्या.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा रेवती ताट घेऊन आमच्यात आली. गर्दीचं काम तिच्याकडे होतं, आणि त्या काळाबद्दल तिनं पुष्कळ वाचलं होतं. बटाट्याची भाजी, पाव, टोमॅटोची कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, तळलेली मिरची असं जेवण होतं.

"शेवंतामावशी, तुमचं अर्धं ताट या जहाजातून आलंय," ती म्हणाली.

"म्हंजे काय? टेंपो तर चौकवरनं आला," शेवंता म्हणाली.

रेवती हसली. मग तिनं सांगितलं, की ही पोर्तुगीजांसारखी माणसं मसाल्यासाठी समुद्राची वाट शोधत निघाली. काही इकडे आली, काही उलटीकडे जाऊन पार नव्या मुलखाला लागली. तिकडचं जे जे मिळालं ते त्यांनी जहाजात घालून जगभर फिरवलं. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मिरची, काजू, पेरू, पपई, सीताफळ, यातलं आपलं एकही नाही. पाव तर त्यांचाच.

"मिरची आपली नाय?" शेवंताचा घास थांबला. "मंग पयली माणसं तिखट काय खायाची?"

"मिरी."

"मिरीचा ठेचा? त्यापरीस उपाशी बरं."

"उपाशी पण कसं राहणार?" रेवती म्हणाली. "उपासाला काय चालतं तुम्हाला? बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा. सगळं तिकडचं. आणि जे पहिल्यापासून आपलं, तांदूळ आणि गहू, ते चालत नाही."

 मला माझी सासू आठवली. तिनं मरेपर्यंत टोमॅटोला चुलीजवळ येऊ दिलं नाही, विलायती म्हणून. आणि एकादशीला बटाट्याचा कीस वाटीभर खायची.

शेवंतानं जेवण झाल्यावर कमरेची मिश्रीची डबी काढली. रेवती म्हणाली, "तंबाखूसुद्धा."

"आता मिश्री पन त्यांचीच?" शेवंता चिडली. "मंग माझं सोताचं हाय तरी काय?"

"तोंड," नामदेव म्हणाला. "त्ये कुनी जहाजातनं आनलेलं नाय. बुडालं असतं जहाज."

आम्ही खूप हसलो. शेवंतानं त्याला उष्टा पाव फेकून मारला. हसणं थांबल्यावर नामदेवनं विचारलं, "ताई, ह्ये त्यांनी आनलं. नेलं काय?"

"मिरी नेली, कापड नेलं," रेवती म्हणाली. "आणि माणसं नेली. आपल्या किनाऱ्यावरूनसुद्धा. तुम्ही आज जे करताय तेच. जहाजाच्या पोटात घालून न्यायचे आणि लांब कुठेतरी विकायचे."

"आनि मागारी?"

"नाही आली."

"नावं?"

"बहुतेकांची कुठेच नाहीत. तिकडे नेल्यावर नावंही बदलायचे."

नामदेवनं पाव मोडला. मग म्हणाला, "मंग त्यांच्या घरच्यांनी दहावं कवा घातलं आसंल? जित्ता हाय का मेला, कायच ठावं नाय. दहावं घालायचं तर मेला म्हनाया लागतं. आनि नाय घालायचं तर किती वरसं वाट बघायची?"

  शेवंता म्हणाली, "तू तुझं मढं कर गप. जेवताना कसलं दहावं काढतोस?"

"त्येच म्हंतो," नामदेव म्हणाला. "आजवर राजाचं मढं केलं, चोराचं केलं. त्यांना जाळनारं कुनीतरी व्हतं. आज बिननावाचं करायचं. नीट केलं पायजे."

आणि त्यानं ते फार नीट केलं.

परत हौदाशी येते. साहेब पलीकडे काळ्या कापडाच्या तंबूत बसले होते. कानाला यंत्र, समोर छोटा पडदा. त्यांना पडद्यावर काय दिसत असणार? जहाज कलतंय, ते कलायचंच होतं. पाणी चढतंय, ते चढायचंच होतं. माणसं भेदरलीत, त्यासाठीच तर आणली होती. आणि खरंच भेदरल्यामुळे ती नेहमीपेक्षा चांगली दिसत होती.

मी तिसरी फळी शोधली. ती पाण्याखाली गेली होती. चौथीही गेली होती. लांबच्या कोपऱ्याची साखळी ताणलेली असायला हवी होती, ती सैल लोंबत होती. तो कोपरा एकटाच खाली चालला होता.

"रेवती, फळी बघ."

तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं हातातल्या वॉकीटॉकीत "सर, सर" केलं. नुसती खरखर आली. तिनं पुन्हा केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी पलीकडे पळत जाऊन सांगते." हौदाला वळसा घालून तंबूपर्यंत जायचं होतं. ती पळालीसुद्धा. एवढ्या माणसांत कोणाच्याही डोक्यात आलं नाही, की तो शब्द इथूनच म्हणता येतो. माझ्याही आलं नाही लगेच. सेटवर तो शब्द एकाच माणसाचा असतो. इतक्या वर्षांत मी तो शॉट चालू असताना कधी हळूसुद्धा उच्चारला नव्हता.

तेवढ्यात नामदेवच्या डोक्याखालचं गोणपाट सुटून तरंगत बाजूला आलं. त्याचा चेहरा पाण्याखाली गेला. तो हलला नाही. श्वास धरून पडला असणार, कट होईलच आता म्हणून.

शेवंतानं माझ्याकडे बघितलं.

शॉटमध्ये माझ्याकडे बघायचं नाही, हे तिनं मधमाशी चावली तेव्हाही पाळलं होतं. आता पदर दातात धरून ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. हात पाण्याखाली मांडीवर ठेवलेले. पायातल्या रबराला तिनं हात लावला नव्हता. सोळांपैकी एकानंही लावला नव्हता.

मी गठ्ठा टाकला आणि ओरडले, "कट!"

पहिला आवाज पाइपांच्या आवाजात बुडाला. दुसऱ्यांदा मी शेताच्या बांधावरून डोंगराच्या पायथ्याला हाक मारतात तशी हाक दिली. "कट! कट झालं!" माझ्या जवळच्या पाइपवाल्यानं पाइप बंद केला. आवाज कोणाचा याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, शब्द कानावर आला आणि हात कळीवर गेला. त्याचं बघून लाटांचं यंत्र बंद झालं. एकदम शांत झालं आणि त्या शांततेत माझं तिसरं "कट" सगळ्यांनी ऐकलं.

आणि सगळे एकदम उठले.

ही दुसरी आपत्ती. पंधरा माणसं रबरं ओरबाडून एकाच वेळी उघड्या बाजूला धावली. त्या वजनानं खोका झोकांडला. लोखंड कर्रकन वाजलं, रचलेली पिंपं गडगडली आणि खालच्या अंगाचं पाणी डचमळून वर आलं. दोन बाया पडल्या. मी ओरडले, "मागे! वरच्या अंगाला चला! फळी धरा! एकेकानं यायचं, एकेकानं!" आता मात्र माझा आवाज लागला होता. आणि माझी माणसं ऐकणारी आहेत. ती मागे सरून वरच्या फळीला चिकटली. खोका थरथरत थांबला.

लाइटवाल्या पोरांनी काठावरून शिडी आडवी टाकली. त्यावरून एकेक येऊ लागला. टेंपोत चढवताना मी डोक्याला हात लावून मोजते, तशी मोजू लागले. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं, एका बाईच्या हातात अजून रबराची बेडी होती, ती सोडतच नव्हती. शेवटी शेवंता आली. तिच्या डोक्याला हात लावला तेव्हा पंधरा झाले.

"नामा?" मी म्हटलं.

शेवंतानं दातातला पदर सोडला. मागे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"आंगठा ऱ्हायला, जाऊबाई," ती म्हणाली. "नामाचा आंगठा दाबाया ऱ्हायला."

ती वळून शिडीवर चढली. मी तिचा दंड धरला तर तिनं मला ढकललं. पोहता येत नाही तिला. मग मी खाली पडलेल्या गठ्ठ्यातली चादर उचलून तिच्या कमरेला बांधली, त्या चादरीला दुसरी जोडली, आणि टोक दोन लाइटवाल्यांच्या हातात दिलं. एवढं होईपर्यंत ती शिव्या देत होती, मला, साहेबाला, पोर्तुगीजांना.

ती आत उतरली. खालच्या अंगाला पाणी तिच्या गळ्यापर्यंत आलं. काजळी आणि रंगानं पाणी काळं झालं होतं, आतलं काही दिसत नव्हतं. ती वाकून पाण्यात चाचपडू लागली. डोकं बुडवून वर काढलं, पुन्हा बुडवलं.

"घावला पाय!" ती ओरडली. "नामा, कट झालं रं! कट झालं!"

ती अंगठा दाबत होती ते तिच्या खांद्यावरून कळत होतं. नामदेव उठला नाही.

"उठत नाय गं! ह्याच्यावर पिंप हाय!"

दोन्ही लाइटवाल्यांनी चादर माझ्या आणि दुसऱ्या बायांच्या हातात दिली आणि उड्या टाकल्या. झोकांडीत गडगडलेलं पिंप पाणी भरून त्याच्या छातीवर बसलं होतं. तिघांनी मिळून ते लोटलं. शेवंतानं पाय सोडला नव्हता. नामदेवला त्यांनी शिडीवर घातलं, आम्ही ओढून काठावर घेतला.

मी त्याला इतक्या वेळा मेलेला बघितलंय, की फरक मला लगेच कळला. मढ्याचं काम करताना त्याचा चेहरा शांत असायचा. आता तोंड वाकडं होतं आणि ओठ जांभळे.

सेटवर ॲम्ब्युलन्स होती. त्यातला माणूस आला आणि छातीवर दोन्ही हात ठेवून दाबू लागला. तंबूतून साहेब धावत आले होते, अनवाणी, कानाचं यंत्र गळ्यात लोंबतंय. मागून रेवती. तिनं मला नंतर सांगितलं, की माझी हाक ऐकून साहेब तंबूत "कट कोण म्हणालं?" असं खेकसले होते. इथे आल्यावर ते चिखलातच खाली बसले.

तो माणूस दाबत होता, मध्येच थांबून तोंडाला तोंड लावून वारा भरत होता. शेवंता पायाशी बसून अंगठा दाबत होती. एकसारखी. "कट झालं रं नामा. उठ. कट झालं. जेवाया गेली सगळी. उठ रं मुडद्या." कोणीतरी तिला म्हणालं, मावशी, बाजूला व्हा. ती झाली नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. अंजनीला पोशीरला जाऊन काय सांगायचं, त्याची मी जुळवाजुळव करत होते. मी रडत नव्हते. वाक्य जुळत नव्हतं.

मग नामदेवनं पाय मागे ओढला.

आधी पाय, मग खोकला आला. मग पाणी आलं, काळं, नाकातोंडातून. ॲम्ब्युलन्सवाल्यानं त्याला कुशीवर वळवलं. शेवंता तिथेच मागच्या मागे बसली आणि कमरेची डबी शोधू लागली. डबीत पाणी शिरलं होतं. ती उपडी केली तर मिश्रीचा काळा ओघळ निघाला. "गेली ज्याची त्याच्याकडं," ती म्हणाली.

नामदेवला दवाखान्यात ठेवला. बरगडी मोडली होती. साखळी का सुटली याची चौकशी झाली. कोणी म्हणालं आकडा झिजलेला, कोणी म्हणालं वजन जास्त झालं. मला त्यातलं कळत नाही. साहेबांनी दवाखान्यात येऊन नामदेवचे पाय धरले, ते खोटं वाटलं नाही. पण आता पाणी, आग किंवा उंची असेल तिथे काम घेण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. हे तपासलं कोणी, आणि तो माणूस शॉट चालू असताना उभा कुठे राहणार. आणि तिसरी सांगते, की तिथे कट मीही म्हणणार. काही साहेब कपाळाला आठ्या घालतात. काहींनी दुसरीकडून माणसं घेतली. घेऊ देत.

माझ्या माणसांनाही नवीन सांगून बघितलं, की जिवावर बेतलं तर उठायचं, कोणाची वाट बघायची नाही. ती हो म्हणतात. पण मला खात्री वाटत नाही. हलायचं नाही हे शिकवायला मला एक एसटी पुरली होती. उलटं शिकवणं जड जातंय.

दवाखान्यातून सोडल्यावर नामदेवला पोशीरला मी आणि शेवंता घेऊन गेलो. अंजनी दारात उभी होती, नेहमीसारखा तांब्या आणि पाला घेऊन. तिनं तांब्या वाकवला तसा नामदेव झटकन मागे सरला.

"पानी नको," तो म्हणाला. "पाला दे नुसता."

अंजनीनं तांब्यातलं पाणी तुळशीत ओतलं. त्यानं पाला चावला आणि उंबरा ओलांडला.

तो आता मढ्याचं काम करत नाही. गर्दीत उभा राहतो, आणि शॉटमध्ये खोकतो म्हणून त्याला मागे उभा करावा लागतो. शेवंतानं नवी डबी घेतली. रेवती दुसऱ्या सिनेमाला गेली, अधूनमधून फोन करते. तो तुकडा पुढे त्यांनी पुतळे ठेवून पुन्हा घेतला.

त्या दुपारी जहाजाच्या पोटात सोळा जण उतरले होते. सोळाच्या सोळा घरी आले.